तापात धावलेले मास्तर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. दोन मशिनी, कापायचं एक लांबलचक टेबल आणि भिंतीला एक उभा आरसा. त्या आरशासमोर आला की भला भला माणूस पोट आत ओढतो. तीस वर्षं मास्तरांनी गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांच्या कमरा मोजल्या. कोणाची कमर दोन इंच वाढली तरी ते आकडा मोठ्याने सांगत नसत. गुपचूप वहीत लिहीत आणि शिवताना आतून कापड जास्त सोडत. "असू दे, पुढे उसवायला बरं पडतं," एवढंच म्हणत.

त्यांची स्वतःची कमर मात्र कोणी मोजली नव्हती. सकाळी मशिनीवर बसले की दुपारी जेवायला उठायचं, जेवून पुन्हा बसायचं. उंची बेताची आणि वजन सत्त्याण्णव किलो. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी गप्प बसायची म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव. मोठी झाल्यावर ती इतकी फटकळ निघाली की नाव बदलायला हवं होतं, पण तोवर ते चिकटलेलं. एकोणिसाव्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. मग चेहरा सुजला. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास.

आईची किडनी घेता येत नव्हती, तिला मधुमेह. मास्तरांचं रक्त जुळलं, बाकीच्या चाचण्याही जुळल्या. वजन तेवढं आडवं आलं. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. "चौऱ्याऐंशीच्या आत आणा, मग पुढचं बोलू."

"एवढंच ना?" मास्तर म्हणाले. बायकोने नंतर आम्हाला सांगितलं, तिथून बाहेर पडताना ते चक्क हसत होते. मुलगी वाचवायला फक्त बारीक व्हायचंय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. काडीसारख्या बारीक, आवाज मात्र दणदणीत. प्रत्येक गोष्ट त्या दोनदा सांगत आणि मग म्हणत, "आता तुम्ही म्हणा पाहू." मास्तर, पन्नाशीचा माणूस, वर्गातल्या पोरासारखं पाठ म्हणून दाखवायचे. आधी चालणं. मग भराभर चालणं. मग दोन मिनिटं धावणं, चार मिनिटं चालणं. जेवणाचंही सगळं लिहून दिलेलं. चार महिन्यांत सत्त्याण्णवाचे अठ्ठ्याऐंशी झाले. मास्तरांनी आपल्या पँटी स्वतःच आत घेतल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते कमरेजवळची नवी शिलाई दाखवायचे.

आणि मग थंडी पडली. त्या वर्षीची थंडी साधी नव्हती. सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आपली वाटत नसत, आणि रस्त्याच्या त्या टोकाचा दिवा धुक्यात दिसत नसे.

"थंडीत बंद करायचं नाही, पण अक्कल वापरायची," बाई म्हणाल्या. "आधी घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करा, मगच बाहेर. कान झाका, डोकं झाका. नाकातोंडावर रुमाल बांधा, म्हणजे गार हवा थेट छातीत जाणार नाही. तहान लागली नाही तरी पाणी प्या. परत आलात की आधी ओले कपडे बदला. आणि कापडाचं मी तुम्हाला काय सांगू?"

"आतून सुती नको," मास्तर म्हणाले. "सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. मग गारठा हाडात शिरतो."

"बघा, तुम्हीच मला शिकवताय."

मास्तरांनी स्वतःसाठी तीन थर शिवले. आत घाम बाहेर सोडणारं पातळ, मधे लोकरीचं, वर वारा अडवणारं. गल्लीत सगळे हसले, पण त्या कपड्यांत ते पहाटे असे निघायचे जणू वीस वर्षांनी तरुण झालेत. वजन साडेशहाऐंशीवर आलं. पुढच्या तपासणीला बावीस दिवस होते. त्या दिवशी काटा चौऱ्याऐंशीच्या खाली गेला, तर महिन्याभरात ऑपरेशनची तारीख मिळणार होती.

तेव्हाच नेमकी सर्दी झाली. आधी शिंका, मग नाक गळायला लागलं. मास्तरांनी शहाण्यासारखा बाईंना फोन केला.

"घसा?" बाईंनी विचारलं.

"थोडा खवखवतोय."

"ताप? खोकला? अंगदुखी?"

"काही नाही."

"मग ऐका. सगळं गळ्याच्या वर आहे तोवर हळू चालायला हरकत नाही. वीस मिनिटं, सपाट रस्त्यावर, चालता चालता बोलता येईल एवढ्याच वेगाने. धावायचं नाही. आणि हे जर खाली छातीत उतरलं, ढास लागली, अंग मोडून आलं, ताप आला, तर बूट कपाटात. एक दिवसही नाही. ताप गेल्यावरसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. आणि घरात तोंडाला मास्क लावा, मुलीला काही लागायला नको. म्हणा पाहू."

मास्तरांनी सगळं म्हणून दाखवलं. तीन दिवस तसंच वागलेही. मास्क लावून जेवायला वेगळे बसायचे, ठकीशी दारातूनच बोलायचे.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. डायलिसिस चालू असताना ठकीचा रक्तदाब एकदम खाली गेला. परिचारिका धावल्या, खाट पायाकडून वर केली. मास्तर काचेबाहेर उभे होते. पोरीचा चेहरा धुतलेल्या अस्तरासारखा पांढरा पडलेला त्यांना दिसला. थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली. घरी जाताना गाडीत आईच्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणाली, "बाबा, मला आता कंटाळा आलाय. खरंच सांगते. बास झालं."

ती फटकळ होती, भांडायची, टोमणे मारायची. पण असं कधी बोलली नव्हती.

मास्तरांच्या डोक्यात त्या वाक्याने घर केलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहिले तर शहाऐंशी पूर्णांक आठ. धावणं बंद झाल्यापासून आकडा वर सरकत होता. तपासणीला अठरा दिवस उरले होते. त्या दिवशी दुपारी छातीत खोल कुठेतरी खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग मोडून आलं. त्यांनी तापमापी काखेत धरली. एकशे एक. त्यांनी ती झटकली, डबीत घातली आणि डबी सुतांच्या रिळांच्या खणात लपवली.

शेजारी इस्त्रीचं दुकान आहे. तिथला इस्त्रीवाला मनाने मोठा, फक्त सल्ला द्यायला कधी मागेपुढे पाहत नाही. मास्तरांना खोकताना ऐकून तो म्हणाला, "अहो मास्तर, अंथरुणात लोळून कधी सर्दी गेलीय का? घाम काढा. दोन दिवस झोडपून पळा, पार कुठल्या कुठे जाईल."

मास्तरांना तेच ऐकायचं होतं. हे ते स्वतः नंतर कबूल करायचे. "त्याने उलटं सांगितलं असतं, तर मी त्याचं ऐकलं नसतं," म्हणायचे.

घाम. हा शब्द त्यांनी धरला. आयुष्यभर कपडा अंगाला सुखाचा व्हावा म्हणून झटलेल्या माणसाने त्या दिवशी रेनकोटचं रबरी कापड काढलं आणि स्वतःच्या मापाचं एक बिनबाह्यांचं जाकीट कापलं. हवा आत जाऊ नये, घाम बाहेर येऊ नये, असं. गळ्याशी घट्ट, कमरेशी घट्ट. शिवून झाल्यावर बायकोपुढे टाकलं. काज-बटणाचं काम तिच्याकडे असायचं.

"हे कसलं हो?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकाचं आहे. मोटारसायकलवर घालायला."

तिने पाच काजं केली, बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरांनी तापाची गोळी घेतली. अर्ध्या तासाने अंग जरा गार लागलं, म्हणजे ताप गेला असं स्वतःला समजावलं. जाकीट आत घातलं, वर लोकरीचं, आणि बाहेर पडले. दहा मिनिटं अंग गरम करणं नाही, काही नाही, सरळ धावायलाच लागले. छातीत गार हवा सुयांसारखी टोचत होती. खोकला आला की थांबायचे, गुडघ्यांवर हात टेकून खोकायचे, पुन्हा धावायचे. घरी येऊन जाकीट काढलं तेव्हा आतून पाणी ठिबकत होतं. काटा दाखवत होता पंच्याऐंशी पूर्णांक नऊ. एका दिवसात जवळजवळ एक किलो! त्यांना रडू आलं आनंदाने.

आता घरी हे कळता कामा नये. बायकोने विचारलं, "सर्दी कशी आहे?" तर म्हणाले, "गेली." आणि गेली हे पटावं म्हणून त्यांनी मास्क काढून टाकला. ठकीच्या खोलीत जाऊन तिच्या खाटेवर बसले, तिला पत्ते खेळायला बसवलं. बऱ्याच दिवसांनी बाप जवळ आला म्हणून तिलाही बरं वाटलं. खोकला आला की ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठून मोरीत जायचे.

असे चार दिवस गेले. रोज गोळी, रोज जाकीट, रोज धाव. काटा पंच्याऐंशी पूर्णांक एकवर आला. पाचव्या दिवशी जिना उतरतानाच त्यांना धाप लागली होती. तरी गेले. शाळेच्या भिंतीपाशी जरा चढ आहे. तिथे त्यांच्या लक्षात आलं की छातीत काहीतरी वेडंवाकडं धडधडतंय, एक ठोका पडतो, दोन गळतात. "आता थांबावं" असं मनात आलं आणि त्याच्याच मागोमाग "अजून एक वळण" असंही. ते वळण काही आलं नाही.

इस्त्रीवाला पहाटे कोळसे पेटवायला दुकान उघडत होता. त्याला भिंतीशी गाठोडं पडल्यासारखं दिसलं. जवळ गेला तर मास्तर. ओठ निळे, श्वास घुरघुरत. त्याने आरडाओरडा करून दोघातिघांना उठवलं आणि गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं.

तिथे परिचारिकेने कात्रीने लोकरीचा कपडा कापला, खाली ते जाकीट लागलं, तेही कापलं. बायको पोहोचली तेव्हा दोन्हींचे तुकडे एका पिशवीत घालून तिच्या हातात दिले. ती बाकावर बसली आणि पिशवी उघडून बघू लागली. टीप तिने ओळखली. बारीक, सरळ, एकसारखी. तीस वर्षं जी पाहिली होती, तीच. आणि मग पाच काजं दिसली.

"माझ्याच हातची," ती इस्त्रीवाल्याला म्हणाली. "मीच करून दिली." इस्त्रीवाला तिथून उठून जिन्यात जाऊन उभा राहिला.

मास्तरांना न्यूमोनिया झाला होता. एवढंच नव्हे, अंगात ताप असताना धावल्यामुळे हृदयाच्या स्नायूलाही सूज आली होती. दोन दिवस ते नळ्यांमध्ये होते. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, बायकोला बघितलं आणि पहिलं विचारलं, "ठकी?"

बायको खिडकीकडे बघत राहिली.

"अगं, ठकी कुठे आहे?"

"वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. "काल रात्रीपासून तिला ताप आहे. छातीत उतरलंय."

मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला, नळी ओढली गेली, यंत्र ओरडायला लागलं. बायकोने आणि धावत आलेल्या परिचारिकेने धरून त्यांना निजवलं. ते मोठ्याने रडले नाहीत. फक्त तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. बायको सांगते, तो चेहरा तिला आजही आठवायला नको वाटतो.

व्यायामाच्या बाई दुपारी आल्या. आवाज आज खाली होता.

"वजन किती भरलं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंना राग आवरेना. "मास्तर, ते वजन नव्हतं, पाणी होतं! अंगातलं पाणी गाळून काढलंत तुम्ही. सलाईन लागली तशी ते सगळं परत आलं. चार दिवसांत चरबी शंभर ग्रॅमसुद्धा गेली नसेल."

"मग तपासणी?"

"तपासणी नाही. ऑपरेशन नाही. निदान सहा महिने नाही. तीन महिने तर तुम्ही जिनासुद्धा भराभर चढायचा नाही, हृदय बरं होईपर्यंत." बाई थांबल्या. "मी म्हणाले होते ना, बूट कपाटात. दहा-बारा दिवसांचा प्रश्न होता हो. तपासणी पुढे ढकलली असती. पंधरा दिवसांनी काही बिघडलं नसतं."

"मी तुम्हाला फोन करायला हवा होता," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करून निघून गेल्या.

ठकीची प्रकृती वर-खाली होत राहिली. डायलिसिसवरच्या माणसाला साधा सर्दीताप साधा राहत नाही. एक दिवस तर डॉक्टरांनी आईला बाजूला बोलावून मन घट्ट करायला सांगितलं. जंतू हटत नव्हते तेव्हा एक जालीम औषध दिलं. त्याने ते हटले. पण कानात सतत शिट्टी वाजतेय असं ती सांगायला लागली आणि महिन्याभरात डाव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. डॉक्टर म्हणाले, ते परत येणार नाही.

दोघं एकाच इमारतीत, मधे एक मजला, पण भेटायची परवानगी नव्हती. नवव्या दिवशी ठकीने आईच्या फोनवरून बापाला फोन लावला. आवाज घोगरा होता.

"बाबा, आईने सांगितलं मला सगळं."

"ठके, ऐक..."

"नाही, तू ऐक. मी म्हणाले कंटाळा आला, म्हणून तू हे केलंस? माणसाने कंटाळा आला असं म्हणायचंही नाही का घरात? मला रडायचं होतं रे नुसतं. तू लगेच पळत सुटलास."

"मला वाटलं, तुझ्याकडे वेळ नाही."

"होता की. तूच घालवलास."

ती बोलून गेली. मग तीच म्हणाली, "जेवलास का?"

मास्तर घरी आले ते म्हातारे होऊन. दुकान महिनाभर बंदच होतं. पुढेही अर्धा दिवस उघडायचे. वजन पुन्हा नव्वदीपार गेलं. सुरुवातीला घरातल्या घरात, स्वयंपाकघर ते दार, एवढंच चालायचं. बायको मागे खुर्ची घेऊन उभी असायची. ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. तीन महिने त्यांनी एकही काज तिच्याकडे दिलं नाही, आणि तिने मागितलंही नाही. मग एके दिवशी ती स्वतःच येऊन समोर बसली, सुई ओवली आणि म्हणाली, "आणा इकडे ते शर्ट. गिऱ्हाईक किती दिवस थांबेल?"

मी एकदा कपडे टाकायला गेलो होतो तेव्हा त्यांना विचारलं, की एवढं सगळं पाठ होतं, तरी का? ते टेबलावरचं कापड सारखं करत राहिले. "लोकांना वाटतं मी तिच्यासाठी धावलो," म्हणाले. "खरं सांगू? तिला तसं बघून मला घरात बसवत नव्हतं. पळताना दम लागला की तेवढा वेळ तिचा चेहरा दिसायचा नाही. त्यासाठी पळत होतो मी."

पुढच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा सर्दी झाली. तेव्हा अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन होते. पहिली शिंक आली आणि त्यांनी मास्क लावला, बाईंना फोन केला, तापमापी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. पाचव्या दिवशी खोकला छातीत उतरला. अकरा दिवस ते पलंगावर पडून राहिले. बायको म्हणते, नळ्यांमध्ये होते त्या दिवसांपेक्षा हे अकरा दिवस त्यांना जड गेले. छताकडे बघायचे आणि चादरीची किनार बोटांत घेऊन चुरगळायचे. बुधवारी ठकी डायलिसिसला निघाली की भिंतीकडे तोंड फिरवायचे. पण उठले नाहीत.

हृदयाच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, दोनदा. पडल्यापासून पंधराव्या महिन्यात काटा त्र्याऐंशी पूर्णांक सातवर थांबला आणि डॉक्टरांनी कागदावर सही केली. तोवर ठकी एकवीस वर्षांची झाली होती. तिच्या मैत्रिणी कॉलेज संपवून नोकऱ्यांना लागल्या होत्या. तिचा हात सुयांनी दोरखंडासारखा गाठाळला होता.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी परिचारिका मास्तरांच्या खोलीत आली आणि म्हणाली, "तुमच्या मुलीची लघवीची पिशवी भरली. दुसरी लावलीय." दोन वर्षांत त्या पोरीला धड लघवी झाली नव्हती. मास्तर हसायला गेले तर टाके दुखले, म्हणून पोट धरून नुसतेच हलत राहिले.

चौथ्या दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून तिच्याकडे नेलं. मास्क, टोपी, पायांत पिशव्या. ठकी उजव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून झोपली होती. ते पलंगाच्या अलीकडे थांबले आणि हळूच म्हणाले, "ठके."

ती हलली नाही.

"ठके, मी आलोय."

ऐकू येणारा उजवा कान उशीत होता. मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी परिचारिकेला खूण केली, आणि तिने खुर्ची फिरवून पलंगाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला नेली, ठकीने डोळे उघडले तर ते समोर दिसतील अशी.